चेंडू कसा आला?

अक्काला मेलबर्नला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि "यंदा तरी ये रे" हे तिचं फोनवरचं वाक्य ऐकून मलाही तेवढीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत अखेर योग आला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केले, कपाटाच्या तळाचा स्वेटर बाहेर काढला आणि निघालो. बेळगावहून जाणाऱ्याने कुंदा न्यायचा नाही तर काय न्यायचं? पण दुधाचे पदार्थ तिकडच्या विमानतळावर काढून घेतात, म्हणजे कुंदाही नाही आणि दाजींच्या धारवाडचा पेढाही नाही. पाकीटबंद शेंगाचटणीवर भागवलं.

अक्काचं घर शहराच्या पश्चिमेला, नव्या वसाहतीत. आजूबाजूला पंजाबी, तेलुगू, व्हिएतनामी, मधूनच एखादं जुनं ऑस्ट्रेलियन कुटुंब. घरात दाजींची कन्नड, अक्काची मराठी आणि भाच्याचं दोन्हींचं मिळून झालेलं तिसरंच काहीतरी. हे चित्र आपल्याकडच्या घरांना नवीन नाही. नवीन होता तो कोपऱ्यात पडलेला लांबोळका लाल चेंडू. भाचा तेरा वर्षांचा, वयाच्या मानाने उंच. त्या उंचीपायीच त्याला तिथल्या फुटबॉलच्या संघात 'फुल फॉरवर्ड' म्हणून उभं केलेलं.

वाचकहो, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. मेलबर्नची माणसं ज्याला लाडाने 'फुटी' म्हणतात, तो हा ऑस्ट्रेलियन नियमांचा खेळ. मैदान क्रिकेटचंच, म्हणजे अंडाकृती. एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', त्याचा एक गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण पंधरा मीटरच्या आत एकदा जमिनीला टेकवावा लागतो. फेकायचा मात्र नाही. एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, नाहीतर लाथ. आणि पंधरा मीटरपेक्षा जास्त लांबून लाथेने आलेला चेंडू कोणी हवेतल्या हवेत झेलला, तर तो 'मार्क'. मग खेळ त्याच्यासाठी थांबतो आणि त्याला निवांत लाथ मारायला मिळते. गोलासमोर मार्क मिळणं म्हणजे फॉरवर्डची दिवाळी.

ती दिवाळी आमच्या भाच्याच्या वाट्याला सहा सामन्यांत आली नव्हती. मी पोचलो त्याच रविवारी सकाळी थंडीत कुडकुडत आम्ही मैदानावर गेलो. गोलापाशी कुणाचे तरी वडील पांढरा कोट घालून, हातात झेंडे घेऊन, डॉक्टरांसारखे गंभीर उभे. सीमारेषेवर दाजी. चेंडू भाच्याच्या दिशेने हवेत गेला रे गेला, की दाजी ओरडायचे, "हिडी! हिडियो!" पकड, पकड रे. आणि चेंडू कधी बोटांना लागून, कधी डोक्यावरून, कधी दुसऱ्याच पोराच्या मुठीचा ठोसा खाऊन निघून जायचा. दाजी कपाळाला हात लावायचे. शेजारच्या गोऱ्या मंडळींना शब्द कळत नसले तरी सूर कळत होता.

घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री अक्का स्वयंपाकघरात मला म्हणाली, "बंद करून टाकूया म्हणते. नाही जमत तर नाही जमत. गणिताचा क्लास तरी लावता येईल." भाच्याला मी झोपताना विचारलं, तर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मामा, सगळे माझ्याकडेच मारतात. मलाच पकडता येत नाही."

हे वाक्य मला झोपू देईना. वर्गात पंचवीस वर्षं होत आली. "मलाच येत नाही" हे ज्या सुरात मुलं म्हणतात तो सूर मी ओळखतो.

अक्काच्या शेजारी एक आजोबा राहतात. ट्रामचालक म्हणून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना 'पॉप' म्हणते, मीही तेच म्हणू लागलो. पॉप सेंट किल्डा संघाचे भक्त. या संघाने आजवर अजिंक्यपद जिंकलं ते एकदाच, 1966 मध्ये, तेही कॉलिंगवूडविरुद्ध एका गुणाने. 74 विरुद्ध 73. तो शेवटचा गुण बॅरी ब्रीन नावाच्या खेळाडूच्या धड न बसलेल्या, घरंगळत गेलेल्या लाथेवर मिळाला. अशा संघावर इतकी वर्षं माया करणाऱ्या माणसाला खेळातलं दुःख कळत असणार, असं मी धरून चाललो.

कुंपणावरून मी त्यांना भाच्याची हकिकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "चेंडू कसा आला होता?"

मला सांगता येईना. मी चेंडू बघितला होता, भाचा बघितला होता, पण चेंडू त्याच्याकडे कसा आला ते बघितलंच नव्हतं.

त्या शनिवारी पॉप मला एमसीजीवर घेऊन गेले. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड! रिचमंड स्टेशनवर उतरून जुन्या झाडांच्या बागेतून चालत जायचं. त्यातल्या काही झाडांवर अजून जखमांचे व्रण आहेत. मूळ रहिवाशांनी होडीसाठी वगैरे साली काढल्या, त्याच्या त्या खुणा. आपल्याला हे मैदान क्रिकेटमुळे ठाऊक. 1981 मध्ये पायचीतच्या निर्णयावर चिडून सुनील गावसकर जोडीदारालाही घेऊन निघाले होते ते इथेच, 1999 मध्ये सचिनने 116 केले तेही इथेच. आणि 2020 च्या डिसेंबरात, ॲडलेडला 36 धावांत गडगडल्यानंतरच्या कसोटीत, अजिंक्य रहाणेने 112 काढून सामना फिरवला आणि त्याला 'मुलाघ पदक' मिळालं. जॉनी मुलाघ हा 1868 मध्ये इंग्लंडचा दौरा केलेल्या मूळ रहिवाशांच्या संघाचा मोठा खेळाडू.

आता गंमत बघा. मैदानाबाहेर टॉम विल्स नावाच्या माणसाचा पुतळा आहे. दौऱ्याच्या दोन वर्षं आधी, 1866 मध्ये, मुलाघ आणि त्याच्या सोबत्यांना क्रिकेटचं प्रशिक्षण देऊन याच मैदानावर उतरवणारा तो हा विल्स. आणि 1858 मध्ये, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुस्तावू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, असं वर्तमानपत्रात पत्र लिहिणाराही तोच. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले, आणि झेललेल्या चेंडूला मोकळी लाथ देणारा 'मार्क' त्या पहिल्या नियमांतही होता. मूळ रहिवाशांचाही झेलाझेलीचा एक खेळ होता. त्यातून विल्सने काही घेतलं की नाही, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. असो. पुतळ्यात विल्स शाळकरी पोरांच्या सामन्याचा पंच म्हणून उभा आहे. मला आमची रविवारची पोरं आठवली.

आत गेलो. लाखभर माणसं मावतील एवढं ते भांडं बघून मी जरा वेळ गप्पच बसलो. त्या दिवशी कुठले दोन संघ होते ते मुद्दाम सांगत नाही, कारण पॉपच म्हणाले, "आज माझा संघ नाही. म्हणून आज मला डोळे आहेत." आम्ही वरच्या मजल्यावर, गोलाच्या मागे बसलो. त्यांनी मला ताकीद दिली की पहिला क्वार्टर चेंडूकडे बघायचं नाही, फक्त फुल फॉरवर्डकडे बघायचं.

टीव्हीवर हे दिसतच नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो. इथे दिसलं की चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असतानाही तो गडी कामात होता. या खेळात ऑफसाइड नाही. त्यामुळे फॉरवर्ड पहिल्यापासून गोलासमोर उभा राहू शकतो, आणि त्याला चिकटून त्याचा राखणदारही. मग फॉरवर्ड काय करतो? एकदम उसळून चेंडूच्या दिशेने वीस-तीस मीटर धाव घेतो. याला 'लीड' म्हणतात. ही धाव म्हणजे दूरच्या सोबत्याला घातलेली साद. मी इथे येतोय, माझ्या पुढ्यात टाक. राखणदार अर्धं पाऊल मागे असतो. ते अर्धं पाऊल म्हणजे फॉरवर्डची सगळी कमाई, आणि ती दोनेक सेकंदच टिकते. तेवढ्यात चेंडू त्याच्या छातीसमोर, पुढे पसरलेल्या हातांत आला तर मार्क. सेकंदभर उशीर झाला, किंवा चेंडू उंच लोंबकळत आला, की मागून राखणदाराची मूठ येते आणि चेंडू उडवून लावते. मुठीने उडवणं नियमात बसतं. आणखी उशीर झाला की दुसरा, तिसरा राखणदारही पोचतो.

त्या क्वार्टरमध्ये तो गडी अकरा वेळा धावला. चेंडू आला तीनदा. एकदा डोक्यावर, एकदा पायाशी, एकदा नीट. नीट आलेला त्याने घेतला आणि गोल केला. मधे एकदा चेंडू हातातून निसटला, तेव्हा आमच्या मागच्या रांगेतला एकजण त्याला काय काय म्हणाला, ते कौटुंबिक पानावर छापण्यासारखं नाही. पॉप मागे वळलेसुद्धा नाहीत. मला म्हणाले, "तो चेंडू मारणाऱ्याने वर बघून मारला. खाली बघून मारायला हवा होता."

'नजर खाली' हा या खेळातला मोठा मंत्र आहे. मधल्या फळीतला खेळाडू दमलेला, अंगावर दोघे आलेले. अशा वेळी सोपं काय? दिसेल तिकडे लांब, उंच भिरकावून देणं. लोकही टाळ्या वाजवतात, चेंडू पन्नास मीटर गेला म्हणून. पण तो उतरतो चौघांच्या घोळक्यात, आणि घोळक्यात राखणदाराचं काम सोपं असतं. त्याला झेलायचं नसतं, नुसतं बिघडवायचं असतं. अवघड काय, तर त्या दमलेल्या क्षणीही नजर खाली आणून जवळच्या, मोकळ्या, धावत येणाऱ्या सोबत्याला हेरणं, आणि चेंडू त्याच्या राखणदाराच्या विरुद्ध अंगाला, सपाट आणि वेगात देणं.

तो देण्याचीही रीत आहे. चेंडू उभा धरून पायावर सोडायचा आणि त्याच्या खालच्या टोकावर लाथ बसवायची. मग तो मागच्या मागे गरगरत, पण हवेत न डुलता जातो. ही 'ड्रॉप पंट'. चेंडूचा आस स्थिर राहतो म्हणून झेलणाऱ्याला तो नेमका कुठे येणार ते कळतं. 'टॉर्पेडो' नावाची जुनी लाथ आहे. ती स्क्रूसारखी फिरत कितीतरी लांब जाते, बघायला फार देखणी. पण झेलणाऱ्याचे हाल! पॉपना टॉर्पेडो आवडते. "बघायला," असं त्यांनी लगेच जोडलं.

त्यांनी मग 2018 च्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली, घरी आल्यावर रेकॉर्डिंगही दाखवलं. सामना इथलाच, कॉलिंगवूड विरुद्ध वेस्ट कोस्ट. दोन-अडीच मिनिटं उरलेली, कॉलिंगवूड पुढे. वेस्ट कोस्टच्या मॅकगव्हर्नने आपल्या बचावात चेंडू झेलला आणि लाथेने व्हार्डीला दिला. व्हार्डीने झेलून लायम रायनला, रायनने झेलून डॉम शीडला. कुणीही घोळक्यात भिरकावला नाही. सगळं लाख माणसांच्या आरोळ्यांत. शीडला मार्क मिळाला तो अगदी सीमारेषेला खेटून, अवघड कोनात. तिथून त्याने गोल मारला, आणि 79 विरुद्ध 74 असा सामना संपला. त्यात एका राखणदाराला अडवलं गेलं अशी कॉलिंगवूडवाल्यांची तक्रार आहे, ती आहेच. नाव शीडचं झालं आणि व्हायलाच हवं. पॉपनी मात्र रेकॉर्डिंग तीनदा मागे नेलं, ते व्हार्डीची लाथ दाखवायला.

मी मास्तर माणूस, आकडे मागितले. या खेळात गोलापासून पन्नास मीटरवर एक कमान आखलेली असते. तिच्या आत चेंडू कितीदा नेला याची मोजदाद होते. जास्त वेळा नेणारा जिंकणार, असं वाटतं. 2008 चा अंतिम सामना बघा. जिलाँग संघ नियमित मोसमात फक्त एक सामना हरलेला. अंतिम फेरीतही त्यांनी चेंडू हॉथॉर्नपेक्षा जास्त वेळा कमानीत नेला. धावफलक काय झाला? जिलाँग 11 गोल, 23 बिहाइंड, एकूण 89. हॉथॉर्न 18 गोल, 7 बिहाइंड, एकूण 115. खरं सांगायचं तर त्या 23 पैकी बरेच बिहाइंड हॉथॉर्नच्या बचावपटूंनी स्वतःच मुद्दाम दिलेले होते. गोल वाचवायला एक गुण सोडायचा, अशी युक्ती. ती इतकी उघड झाली की पुढच्या वर्षी नियमच बदलावा लागला. पण ते वजा केलं तरी मोजदादीतली खोट उरतेच. कमानीत गेलेला प्रत्येक चेंडू तिथे 'एक' म्हणून मांडतात, मग तो छातीवर गेलेला असो की घोळक्यात. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अहवालात 'अभ्यासक्रम शंभर टक्के पूर्ण' असं मी दरवर्षी लिहितो, त्याची मला उगाच आठवण झाली.

त्या वर्षी हॉथॉर्नच्या लान्स फ्रँकलिनने मोसमात 113 गोल केले, त्याच्या जोडीदार रफहेडने 75. त्यानंतर 2025 च्या मोसमापर्यंत कुणाला शंभरी गाठता आलेली नाही. फॉरवर्ड वाईट झाले म्हणून नव्हे. प्रशिक्षकांनी हळूहळू सगळी फौजच मागे आणून गोलासमोर गर्दी करायला सुरुवात केली, आणि लीड घ्यायला मोकळी जमीनच उरली नाही. 2019 पासून मधून खेळ सुरू होताना दोन्ही संघांनी तिन्ही पट्ट्यांत सहा-सहा खेळाडू ठेवायचे, असा नियम आहे. पण तो सुरुवातीच्या क्षणापुरताच. पुढे पुन्हा गर्दी.

इथे मी पॉपशी थोडा वाद घातला. त्यांच्याच सेंट किल्डाचा टोनी लॉकेट. कारकिर्दीत 1360 गोल, आजही विक्रम. 1937 पासूनचा गॉर्डन कॉव्हेंट्रीचा 1299 चा विक्रम त्याने 1999 मध्ये, सिडनीकडून खेळताना मोडला. लॉकेट सेंट किल्डात आला ते 1983 साल, आणि त्या वर्षापासून सलग चार वर्षं संघ तळाला होता. उलट हॉथॉर्नचा जेसन डन्स्टॉल. चार अजिंक्यपदांचा धनी, मागे एकाहून एक सरस मंडळी, गोल 1254. मी कागदावर भागाकार केला. लॉकेटची सरासरी सामन्याला 4.84, डन्स्टॉलची 4.66. मग चेंडू कसा आला याने फरक काय पडला?

पॉप बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून सगळे लॉकेटकडेच मारायचे. वाईट मारायचे, पण फार मारायचे. आणि त्याचं शरीर असं दांडगं, की घोळक्यातूनही तो चेंडू ओढून काढायचा. "गोल त्याने केले. अजिंक्यपद एकदाही नाही." 1996 मध्ये तो सिडनीकडून अंतिम सामन्यात खेळला, तोही संघ हरला. मला हे उत्तर पटलं, पण पूर्ण नाही. लॉकेट हा लॉकेट होता. वाईट चेंडूचं सोनं करणारा असा एखादाच. त्याच्याकडे बोट दाखवून तेरा वर्षांच्या पोराला "पकड" म्हणणं बरं नव्हे, एवढं मात्र पटलं.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेलो. तीन रकाने आखले: डोक्यावरून, जमिनीवर, पुढ्यात. दाजींपासून जरा लांबच उभा राहिलो. भाच्याच्या दिशेने सामनाभर चेंडू आले चौदा. डोक्यावरून किंवा घोळक्यात नऊ, जमिनीवर तीन, पुढ्यात दोन. पुढ्यातले दोन्ही त्याने झेलले. एकाचा गोल झाला, एक खांबाला लागला. मोसमातला त्याचा पहिला गोल, पण दाजींच्या लक्षात राहिले होते ते बाराच.

रात्री जेवणानंतर वही टेबलावर ठेवली. दाजींनी चष्मा लावून वाचली. अभियंता माणूस, आकड्यांशी भांडत नाही. "म्हणजे मारणाऱ्या पोरांची चूक म्हणायची," ते म्हणाले. मी म्हटलं, "दाजी, चूक कुणाची म्हणायची ते राहू दे. तुम्ही एकदा मारून बघा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराजवळच्या मोकळ्या मैदानात दाजी, भाचा आणि मी. पन्नाशीतले दाजी, ट्रॅकपँट, कानटोपी. पहिली लाथ चेंडूला लागलीच नाही. दुसरी तिरपी जाऊन झुडपात. तिसरी सरळ वर. भाचा धावायचा, थांबायचा, परत जागेवर जायचा. तक्रारीचा शब्द नाही. कुंपणापलीकडून पॉप ओरडून सांगत होते, चेंडू हाताने खाली ने, उडवू नकोस. दाजींना त्यांचं इंग्रजी आणि मला दाजींचं पुटपुटणं, दोन्ही अर्धवट कळत होतं. अर्ध्या तासाने दाजी गुडघे धरून उभे राहिले आणि धापा टाकत मला म्हणाले, "अहो, तो धावतोय तिकडे बघू की माझ्या पायाकडे?"

त्यानंतर रोज संध्याकाळी हे चाललं. अक्काने गणिताच्या क्लासचा विषय तूर्त काढला नाही. "हिवाळा संपेपर्यंत बघू," एवढंच म्हणाली. रविवारी दाजी सीमारेषेवर होतेच, ओरडलेही. पण एकदा तोंडून निघालं, "चलो कोडलिल्ला!" नीट दिला नाही. हे कुणाला उद्देशून, ते त्यांचं त्यांना माहीत.

माझ्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अंधार लवकर पडला. मैदानात दिवे नव्हते. शेवटची एक, शेवटची एक, असं करत दहा झाल्या. भाचा लांबून उसळला, हात पुढे करून धावत आला आणि ओरडला, "अप्पा, चलो कोडु!" दाजींनी मान खाली घातली, पुन्हा वर केली, आणि चेंडू सोडला. पायाचा नेहमीपेक्षा वेगळाच आवाज आला. चेंडू फार उंच गेला नाही. छातीवर त्याच्या आदळण्याचा 'धप्' मला पंचवीस मीटरवर ऐकू आला.

"मामा," तो तिथूनच म्हणाला, "लिहिलंस का?"

वही घरी राहिली होती. मी बोर्डिंग पास छापलेला कागद खिशातून काढला आणि त्याच्या मागे लिहिलं: पुढ्यात, एक.